चोवीस दिवसांत तेरा किलो

एप्रिलचं ऊन, दुपारचे साडेबारा, आणि माझा नवरा रेनकोट घालून हायस्कूलच्या मैदानाला फेऱ्या मारत होता.

लांबून मला वाटलं, कुणीतरी खुळा आहे. अंगणवाडीतली पोरं घरी पाठवून मी डोक्यावर पदर घेऊन मैदानाच्या कडेनं येत होते. निळा रेनकोट, आत लोकरीचा स्वेटर, गळ्याला मफलर. चाल मात्र ओळखीची निघाली. एकशे सहा किलोचा माणूस आमच्या गावात दुसरा होताच कोण? रेनकोटची बटणं पोटावर लागत नव्हती, तिथं सुतळी बांधली होती. लिंबाच्या सावलीत ह्यांचे जुने जोडीदार विलासअण्णा हातात घड्याळ धरून बसले होते आणि फेऱ्या मोजत होते.

चार केमो घेऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. डोक्यावर केस नाहीत, ओठ फुटलेले, आणि हा माणूस उन्हात भाजून घेतोय. मी चपला तिथंच टाकून मैदानात धावले.

"अहो, काय चाललंय हे?"

"वजनात बसवतोय."

"कुणाला?"

"मला," असं म्हणून हे पुढं चालायला लागले.

आता ज्यांना आमच्या भागातली कबड्डी ठाऊक नाही, त्यांना हे सांगायला पाहिजे. आमच्याकडं सामने वजनी गटाचे असतात. पासष्ट किलोचा गट असेल तर सामन्याच्या सकाळी प्रत्येक खेळाडूला काट्यावर उभं करतात. पाव किलो जास्त भरला की पोरगा बाहेर. मग अडुसष्ट किलोच्या पोराला चार दिवसांत पासष्टमध्ये बसवायचं कसं, यात सर्जेराव हुबाले, म्हणजे आमचे हे, वस्ताद होते. मीठ बंद. पाणी फक्त चूळ भरायला. स्वेटरवर रेनकोट घालून उन्हात पळवायचं. सांगली जिल्ह्यातल्या निम्म्या संघांचे लोक ह्यांना विचारायला यायचे. सगळे ह्यांना कोच म्हणायचे.

आणि कोच स्वतः? पस्तिशीत खेळ सुटला, भूक काही सुटली नाही. सकाळी बारा पुऱ्या, वर वाटीभर श्रीखंड. मी अंगणवाडी सेविका. दुसऱ्यांच्या पोरांचं वजन शंभर-दोनशे ग्रॅमनं वाढावं म्हणून माझा सगळा जन्म खिचडी शिजवण्यात गेला, आणि घरात मात्र ताटातली चौथी भाकरी मी ओढून घ्यायची. त्यावरून आमची रोजची भांडणं. लोक हसायचे. मीही कधीकधी हसायचे, पण मला मनापासून राग होता त्या पोटाचा.

दिवाळीच्या आसपास ह्यांना जळजळ सुरू झाली. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग काळी शी व्हायला लागली, मग मिरजेला दुर्बिणीतून तपासणी. जठराचा कॅन्सर. आधी केमो, मग ऑपरेशन करून जठराचा मोठा भाग काढायचा, असं ठरलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर आरवाडे. वयानं आमच्या जावयाएवढे, पण बोलणं शांत. केमो संपल्यावर तेरा एप्रिलला त्यांनी बोलावलं, आणि सात मेची तारीख दिली.

त्या दिवशी ह्यांना हृदयाच्या तपासणीला दुसऱ्या इमारतीत पाठवलं होतं, म्हणून डॉक्टर माझ्या एकटीशी बोलले. कॉम्प्युटरवर ह्यांच्या पोटाचा फोटो लावला आणि पेननं दाखवत म्हणाले, ताई, हा काळा भाग दिसतोय ना, ही सगळी आतली चरबी. जाड माणसाचं हे ऑपरेशन लांबतं. जठराच्या भोवती ज्या बारीक गाठी असतात त्या काढायच्या असतात, आणि त्या चरबीत दडलेल्या असतात. रक्त जास्त जातं. जखम पिकायची भीती असते. आतडं जिथं जोडायचं तिथून गळती व्हायची भीतीही थोडी जास्त. अजूनही बरंच सांगितलं. मी बसले होते, मान हलवत होते, पण डोक्यात नुसतं घोंघावत होतं. इतकी वर्षं मी ज्या पोटावरून ओरडत होते, तेच पोट आता ह्यांचा जीव घेणार, एवढंच मला ऐकू येत होतं.

हे तपासणी करून आले. कँटीनमध्ये उप्पीट मागवलं आणि मला विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?

मी घाबरलेली होते. आणि घाबरले की मी चिडते, हा माझा जन्मजात दोष. मी म्हणाले, "काय म्हणणार? तुमच्या ह्या पोटानं सगळं अवघड करून ठेवलंय म्हणाले. चरबीत गाठी सापडत नाहीत. बारीक असता तर सोपं झालं असतं."

ह्यांनी चमचा खाली ठेवला. तारीख कोणती, एवढं विचारलं. सात मे म्हटल्यावर बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. उप्पीट तसंच राहिलं. मला वाटलं, घाबरले असतील.

ते दिवस मोजत होते. चोवीस.

मैदानातून मी ह्यांना दंडाला धरून घरी आणलं खरं, पण दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा तिथंच. सकाळी ऊन पडायच्या आधी एकदा, दुपारी एकदा. जेवण म्हणजे अर्धी भाकरी आणि बिनमिठाची काकडी. मी आरडाओरडा केला, रडून बघितलं. हे शांतपणे म्हणायचे, रत्ना, तुझं काम तू कर, माझं काम मला येतं.

आणि खरं सांगू का? मलाच कळेना, अडवावं की नको. रोग कळल्यापासून हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडून होता. पोरीचा फोन आला तरी घ्यायचा नाही. आता पाच वाजता उठत होता, शीळ घालत दाढी करत होता. विलासअण्णांबरोबर वहीत आकडे लिहीत होता. आजारपणात पहिल्यांदा ह्यांना करायला काहीतरी मिळालं होतं. त्यात वजन कमी करणं हे वाईट म्हणावं तरी कुठल्या तोंडानं? मीच तर तेच म्हणत आले होते.

मग मी सामील झाले. अंगणवाडीत गरोदर बायकांसाठी मोठा वजनकाटा असतो. दर चौथ्या दिवशी पोरं गेली की हे मागच्या दारानं यायचे, चप्पल, घड्याळ, बनियन काढून काट्यावर उभे राहायचे. एकशे सहा. एकशे तीन. एकशे एक. ज्या दिवशी काटा शंभराच्या आत आला त्या दिवशी मी टाळी वाजवली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. लग्नात ज्या माणसाला बघितलं होतं त्याचा जबडा पुन्हा दिसायला लागला होता. तोच जबडा बघून दुसऱ्या क्षणी भीतीही वाटायची, कारण गालाची हाडं नको तेवढी वर आली होती. अंगणवाडीच्या तक्त्यात लाल रेघेखाली गेलेली कुपोषित पोरं मी रोज बघते. ती कशी दिसतात ते मला माहीत नव्हतं असं नाही.

मे महिना लागायच्या दोन दिवस आधी हॉस्पिटलमधून शगुफ्ता मॅडमचा फोन आला. केमोच्या वेळेपासून ह्यांचा आहार सांगणाऱ्या त्या. गोड बोलायच्या. म्हणाल्या, ताई, कोच खातायत ना नीट? रोज चार अंडी, दोन वाट्या डाळ, दूध, मी दिलेली पावडर. वजन अजिबात उतरू देऊ नका हं.

मी म्हटलं, मॅडम, पण चरबीनं ऑपरेशन अवघड होतं ना? त्या म्हणाल्या, ते वेगळं ताई, तुम्ही पेशंटला फोन द्या, मी समजावते.

ह्यांनी फोन घेतला आणि घरामागच्या परड्यात गेले. दहा मिनिटं बोलत होते. खिडकीतून मला ह्यांची पाठ दिसत होती. आत आले, फोन माझ्या हातात दिला.

"काय म्हणाल्या?"

"जेवणाचं विचारत होत्या."

एवढंच. आणि त्या दिवशीही रात्री लिंबू पिळलेलं पाणी पिऊन झोपले. मला वाटलं, चला, म्हणजे मॅडमनी ह्यांच्यापुरतं काही वेगळं सांगितलं असणार. तरी जिवाला चैन पडेना. विलासअण्णांना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, वहिनी, जेवणाचा डॉक्टर वेगळा आणि कापणारा डॉक्टर वेगळा, आपण कापणाऱ्याचं ऐकायचं. मला ते पटलं. कापणारा काय म्हणाला होता ते पुरतं माहीत असणारी जगात मी एकटीच होते, आणि मीच अण्णांना विचारत बसले होते.

सहा मेला भरती झालो. नर्सनं काट्यावर उभं केलं. त्र्याण्णव किलो. ह्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. जिल्ह्याचा चषक आणला होता तेव्हासुद्धा हा माणूस इतका खूश दिसला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर आरवाडे आले. आधी त्यांना पेशंट ओळखता आला नाही, हातातल्या फाईलवरचं नाव पुन्हा वाचलं. मग ह्यांचा दंड चिमटीत धरून बघितला. खुर्चीत बसवलं आणि हात न टेकता पाच वेळा उठायला सांगितलं. पहिल्यांदा उठले. दुसऱ्यांदा मांड्या थरथरल्या आणि मागं बसले. हे हसायला गेले, डॉक्टर हसले नाहीत. रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले.

"उद्या ऑपरेशन होणार नाही."

ह्यांनी विचारलं, अजून किती किलो कमी करायचंय?

डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात समजावत राहिले. म्हणाले, कोच, तुम्ही चरबी नाही उतरवलीत. पाणी उतरवलंत, आणि दंडा-मांड्यांचं मांस उतरवलंत. पोटातली चरबी होती तिथंच आहे, तीन आठवड्यांत ती कुठं जाते? मला अडचण होती ती तशीच राहिली, आणि तुमची जी ताकद होती ती गेली. रक्तातलं प्रोटीन इतकं कमी झालंय की आतडं जोडलं तर तो जोड भरून यायला शरीरात काही शिल्लक नाही. आता तीन आठवडे नीट खाऊन या, मग बघू.

"तोवर कॅन्सरची गाठ वाढायची थांबेल का?" हे मी विचारलं.

"थांबेल असं मी म्हणू शकत नाही, ताई." मग त्यांनी आधी ह्यांच्याकडं बघितलं आणि नंतर माझ्याकडं. "पण हे करायला सांगितलं कुणी? मी ताईंना स्पष्ट सांगितलं होतं. चरबी ही माझी अडचण आहे, ती मी टेबलावर बघून घेईन. ऑपरेशन जड जाईल, पण पुढं माणूस किती जगतो ते त्याच्या जाडीपेक्षा रोगावर असतं. उलट जठर काढल्यावर वजन भराभर उतरतं, तेव्हा अंगावर थोडं असलेलं बरंच. त्यांना बारीक करू नका, रोज चालायला लावा, आणि भरपूर खाऊ घाला. अगदी ह्याच शब्दांत सांगितलं होतं."

आणि त्या क्षणी मला सगळं आठवलं. शब्द न् शब्द. पेन खाली ठेवून ते म्हणाले होते, बारीक करू नका. मी मान हलवली होती. मला विसर पडला होता, की रागाच्या भरात मी ते गिळून टाकलं होतं, हे देवाला ठाऊक. अर्धं सांगितलं आणि अर्धं पोटात ठेवलं. जे अर्धं सांगितलं ते इतकी वर्षं माझ्या तोंडात होतंच.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कुणास ठाऊक.

"हिनं सगळं सांगितलं होतं, डॉक्टर," हे म्हणाले. "मीच ऐकलं नाही. आम्हाला सवय असते ना, सामन्याच्या आधी वजन उतरवायची."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडं बघत नव्हते. रेनकोटची सुतळी काचून पोटावर वळ उठला होता, तो चोळत बसले होते. आणि मी गप्प राहिले. डॉक्टरांनी मान हलवली, फाईलवर काहीतरी लिहिलं आणि गेले. बोलायला तेवढा वेळ होता. मी नाही बोलले.

घरी आल्यावर मी ह्यांना नुसतं भरवत सुटले. दर दोन तासांनी अंडं, मुगाचं धिरडं, दाण्याचा लाडू, दुधात ती पावडर. ह्यांच्या ताटातली भाकरी ओढणारी मी, आता आणखी एक घ्या म्हणून हात जोडत होते. ह्यांना आता खरी भूक नव्हती. माझ्यासाठी घास ढकलत होते. रोज रात्री मी हिशेब करायचे की आज गाठ किती वाढली असेल. एका घासानं ह्यांची ताकद वाढते की गाठीची, हेही मला कळेनासं झालं होतं. कॅन्सरला साखर लागते असं शेजारीण म्हणाली, त्या दिवशी मी लाडवांचा डबा बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला.

अठ्ठावीस मेला ऑपरेशन झालं. सात तास लागले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचे खांदे पडले होते. म्हणाले, अवघड गेलं, पण झालं. जखम पिकली, बावीस दिवस हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं, पण आतला जोड धरला. काढलेल्या एकोणतीस गाठींपैकी पाच गाठींत रोग सापडला.

पाच. सात मेला किती असतील? दोन? तीन? की पाचच? मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, त्या तीन आठवड्यांनी काही फरक पडला का? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि हा विचार करू नका. जणू न करणं माझ्या हातात होतं.

पुढची तीन वर्षं चांगली गेली. हे अडुसष्ट किलोचे झाले. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायचे. गावातले लोक म्हणायचे, कोच, एकदम फिट झालात की. हे हसायचे. त्या संध्याकाळबद्दल आमच्यात एक अक्षर निघालं नाही. कितीदा वाटलं, सांगून टाकावं की माझंच चुकलं. पण ते आधीच स्वतःवर घेऊन मोकळे झाले होते. त्यांच्याकडून ते परत मागायचं कसं?

चौथ्या वर्षी रोग यकृतात दिसला. फेब्रुवारीत हे अंथरुणाला खिळले. एक दिवस दुपारी मी चमच्यानं तांदळाची पेज भरवत होते. चौथ्या चमच्याला ह्यांनी मान फिरवली, आणि मला आवरेना. वाटी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. डॉक्टरांनी बारीक करू नका म्हणून बजावलं होतं, मी ते तुम्हाला सांगितलंच नाही. मी तुम्हाला उपाशी मारलं. ते तीन आठवडे माझ्यामुळं गेले.

ह्यांनी मान पुन्हा माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्या जेवणाच्या मॅडमनी फोनवर सगळं सांगितलं होतं. वजन उतरवू नका, ऑपरेशन पुढं जाईल म्हणाल्या. सगळं."

"मग का केलंत हो? का नाही थांबलात?"

"तू तीस वर्षं मागं लागली होतीस," हे म्हणाले. "म्हटलं, एकदा तरी तुझं ऐकावं."

आणि हसले. हसताना खोकला आला, मी पाठ चोळली. त्यानंतर नवव्या दिवशी हे गेले.

याला आता सहा वर्षं झाली. ते खरं बोलले की खोटं, हे मला अजून कळलेलं नाही. मॅडमनी खरंच सगळं सांगितलं असेल, तर ह्या माणसानं माझ्या बोलण्यासाठी जाणूनबुजून जीव पणाला लावला. सांगितलं नसेल, तर डॉक्टरांसमोर जसं स्वतःवर घेतलं, तसंच मरताना माझ्या डोक्यावरचं ओझं पुन्हा एकदा स्वतःच्या डोक्यावर घेऊन गेले. यातलं कुठलं खरं निघालेलं मला सोसेल, तेही कळत नाही.

शगुफ्ता मॅडम अजून मिरजेतच आहेत. दर ईदला मला त्यांचा मेसेज येतो, ताई कशा आहात म्हणून विचारतात. मी बरी आहे असं लिहिते. त्या दिवशी परड्यात तुम्ही ह्यांना काय सांगितलं होतं, एवढं एक वाक्य पुढं लिहिलं की झालं. मी लिहिते, वाचते आणि पुसून टाकते.